जुन्या व्हॅनचं ट्यूनिंग करताना या चुका टाळा

जुनी व्हॅन उभी असताना थरथरायला लागली, मधेच बंद पडायला लागली की बहुतेक जण आधी काय करतात, तर कार्बोरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा, स्क्रू फिरवतात. आरपीएम वाढतो, थरथर कमी वाटते, झालं काम. पण झालेलं काहीच नसतं. जो सिलेंडर मिसिंग मारत होता, म्हणजे मधेमधे पेटत नव्हता, तो अजूनही मारतोच आहे, फक्त बाकीचे तीन त्याला ओढतायत आणि पेट्रोल जास्त जातंय. माझ्या मते जुन्या इंजिनाची सगळ्यात जास्त वाट याच सवयीने लागते, कारण शोधायच्या आधी स्क्रूला हात.

ट्यूनिंगला एक क्रम असतो आणि तो खरंच पाळायचा असतो. आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग, त्यांचा गॅप), मग प्लग आणि पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क), मग टायमिंग (स्पार्क नेमका कधी पडतो ते), आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे, पॉइंटचा गॅप (बऱ्याच गाड्यांना ०.४ मिमीच्या आसपास असतो) बदलला की टायमिंग आपोआप हलतं, म्हणजे आधी टायमिंग लावून मग पॉइंट घासले तर आधीची मेहनत वाया. टायमिंग लाइट (टायमिंग तपासायचा दिवा) लावताना बऱ्याच मॉडेलला डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना वीज वाटणारा भाग) व्हॅक्यूम पाइप काढून त्याचं तोंड बंद करायचं असतं, हे विसरलं की आकडा चुकीचा दिसतो आणि आपण चांगलं असलेलं टायमिंग बिघडवून बसतो. रबरी पाइप पण बघा, जुन्या गाडीत ते कडक होऊन टोकाला चिरतात, तिथून हवा आत ओढली जाते आणि कार्बोरेटर कितीही सेट केला तरी आयडलिंग बसत नाही.

आता व्हॅनचा खास त्रास. इंजिन सीटखाली नाहीतर दोन सीटच्या मधल्या डब्यात, हात घालायला जागा नाही, त्यामुळे जे समोर दिसतं तेवढंच बदललं जातं. माझ्या व्हॅनला पिकअप नव्हता म्हणून प्लग नवीन टाकून घेतले होते, तरी मिसिंग चालूच. शेवटी सीट पूर्ण काढून स्वतः बघितलं तर पुढचे दोन प्लग नवे आणि मागचे दोन तेच जुने, इलेक्ट्रोड झिजून गोल झालेले, गॅप जवळजवळ दुप्पट. तेव्हापासून मी काढलेले जुने प्लग मोजून परत घेतो, चारच्या चार. आणि ते टाकून देत नाही, आधी नीट बघतो. फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोक आहे, ओला तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, पांढराफटक म्हणजे मिक्स्चर पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) किंवा इंजिन जास्त तापतंय.

प्लग काढायचे ते इंजिन थंड असताना. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला की आटे प्लगबरोबर बाहेर. बसवताना पाना आधी लावू नका, मागच्या प्लगपर्यंत बोटं पोचत नसतील तर प्लगच्या डोक्यावर रबरी पाइपचा तुकडा अडकवून त्याने फिरवा, आटा वाकडा लागला तर पाइप आपोआप घसरतो, काही खराब होत नाही. वायरी एकेक करून बदला. चारही एकदम काढल्या आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा क्रम, माहीत नसेल (बऱ्याच चार सिलेंडरवाल्यांची १-३-४-२ असते, पण आपल्या मॅन्युअलमध्ये बघा) तर गाडी फटाके मारत राहते आणि आपण उगाच कार्बोरेटर उघडतो.

टॅपेटचा आवाज अजिबात नको म्हणून ते घट्ट करून घेणं ही तर फार महागात पडणारी चूक आहे. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकला तरच त्याची उष्णता हेडमध्ये जाते, टॅपेट घट्ट असेल तर तो किंचित उघडाच राहतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. थोडी टकटक परवडली. फीलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) मॅन्युअलमधलाच गॅप ठेवा, आणि तो गॅप थंड इंजिनाचा आहे की गरम, ते नक्की वाचा.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणारे पण खूप आहेत. मग इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, ते सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि रिंगा झिजतात. त्यापेक्षा रेडिएटरचं झाकण बघा, त्याचा रबर गेला की प्रेशर धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. नुसतं पाणी भरू नका, कूलंट आधीच पाणी मिसळलेलं नसेल तर ते आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

ऑइल सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी तपासा, आणि वरच्या खुणेच्या पुढे भरू नका, क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) त्यात घुसळतो आणि फेस होतो. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबर वरतीच चिकटून राहिलंय का ते हात फिरवून बघा, दोन रबरं झाली की ऑइल भळाभळा गळतं. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवून ठेवणारा पट्टा) असेल आणि कधी बदलला ते माहीत नसेल तर तो संपलेलाच समजा, कारण बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

आणि काम झाल्यावर गाडीच्या आतलं इंजिनाचं झाकण घाईघाईत नुसतं ठेवून देऊ नका. कडेचं रबर फाटलं नाहीये ना बघा, सगळे क्लॅम्प लावा. एक्झॉस्ट कुठे लीक असेल तर तो गॅस सरळ केबिनमध्ये येतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि काचा बंद करून लांब चालवताना डोकं जड झालं, मळमळलं तर गाडी लगेच बाजूला घ्या, सगळ्यांना खाली उतरवा.