जागा असूनही पेनड्राइव्हवर मोठी फाइल जात नसेल तर
पेनड्राइव्हमध्ये भरपूर जागा रिकामी असूनही एखादा मोठा व्हिडिओ कॉपी होत नसेल, तर दोष बहुधा ड्राइव्हचा नसून त्यावरील फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिमचा, म्हणजे फाइली साठवण्याच्या पद्धतीचा असतो. तिच्यात फाइलचा आकार ३२ बिटांच्या संख्येत नोंदवला जात असल्यामुळे कोणतीही एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. उपाय म्हणजे ड्राइव्ह दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करणे. त्यावरील सर्व काही आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे, कारण फॉरमॅट केल्यावर ते पुसले जाते. मग विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट-क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडावे आणि फाइल सिस्टिम म्हणून एक्सफॅट घ्यावी, जी मॅकवरही वाचता-लिहिता येते. काही जुने टीव्ही व कारमधील प्लेअर मात्र फॅट३२च ओळखतात. त्यांच्यासाठी एक लहान पेनड्राइव्ह तसाच ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते.