सामन्याच्या दिवशी वरही एक माणूस बघायला ठेवा

दरवाजे, पोलीस, रुग्णवाहिका यांच्याकडे दहा जणांचं लक्ष असतं, आकाशाकडे कोणाचंच नसतं. सामन्यांच्या सुरक्षेत ते खातं बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे.

आधी उंची. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट 2 प्रमाणे, विशेष परवानगी नसेल तर, उघड्यावर जमलेल्या गर्दीवरून जाणाऱ्या विमानाने 600 मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्याही वर किमान 300 मीटर राहायचं असतं. म्हणजे मोजायचं ते गवतापासून नाही! दिव्यांचा मनोरा 50 मीटरचा असेल, तर जमिनीपासून 350. मनोऱ्याची उंची बांधकामाच्या नकाशावरूनच घ्या.

मग वेळ. इथे मी स्वतः माती खाल्लीय. उड्डाणबंदीच्या अर्जात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लागते, मी घाईत स्थानिक वेळ लिहिली. नोटम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) निघाला, पण सामना एकीकडे आणि बंदी भलत्याच वेळी. आता दोन्ही वेळा शेजारीशेजारी लिहून दुसऱ्याकडून तपासून घेतो.

शेवटच्या शिट्टीला बंदी उठवू नका. 19 डिसेंबर 1976 रोजी बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियममध्ये सामना संपल्यावर काही मिनिटांतच एक छोटं विमान वरच्या स्टँडवर कोसळलं. यजमान 40-14 असे सपाटून हरले होते, त्यामुळे लोक लवकर उठून गेले होते आणि जीव वाचले. अमेरिकेत आता 30,000 किंवा जास्त आसनांच्या स्टेडियमवर मोठा सामना असला की, 3 नॉटिकल मैलांच्या परिघात आणि 3000 फुटांपर्यंत, सामन्याआधी एक तास ते संपल्यानंतर एक तास बंदी असते. अर्ज लिहिताना मी हाच साचा समोर ठेवतो.

टीव्हीचं हेलिकॉप्टर, सलामीची विमानं, जाहिरातीचा फलक ओढणारं विमान यांची नोंदणी क्रमांकासह यादी करा. मार्ग स्टँडवरून जात असेल तर बदलून मागा. रुग्ण नेणाऱ्या हेलिकॉप्टरला वाट मोकळी ठेवा.

सामना सुरू असताना अंगठा पुरतो. हात ताठ करा. चार आसनी विमानाचे पंख डोक्यावर 350 मीटरवर असताना साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढे दिसतात. दोन अंगठे भरले, तर ते निम्म्या उंचीवर आलंय. वेळ, दिशा, शेपटीजवळचा क्रमांक टिपा, फोटो काढा आणि हवाई नियंत्रण कक्षाला फोन करा. तो नंबर सकाळीच लावून बघितलेला असावा. ध्वनिक्षेपकावरून मात्र काही बोलू नका, नाहीतर हजारो लोक एकदम उभे राहतील.