मॅगपायच्या हद्दीतून सायकल चालवताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियात जुलैच्या सत्रासाठी दाखल झालेला विद्यार्थी एखादी जुनी सायकल विकत घेतो, रस्ते जेमतेम ओळखीचे होऊ लागतात आणि ऑगस्ट सरू लागतो. महाराष्ट्रात गणपतीची धामधूम चालू असते तेव्हा तिकडे वसंत सुरू होत असतो, निलगिरीच्या झाडांवर मॅगपाय या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याची घरटी भरलेली असतात, आणि एके सकाळी मागून पंखांचा फडफडाट, कानाशी चोच वाजल्याचा ‘टक्’ असा आवाज आणि हेल्मेटवर टोला, असे तिन्ही एकदमच येते. त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस जे करतो, त्यातच बहुतेक चुका होतात.

आधी पक्ष्याचे वागणे समजून घेतलेले बरे. मादी सुमारे तीन आठवडे अंडी उबवते आणि पिले त्यानंतर चारेक आठवडे घरट्यात असतात. या काळात पहारा देण्याचे काम नराचे. सगळेच नर झडप घालतात असे मुळीच नाही. ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठातील पक्षीतज्ज्ञ डॅरिल जोन्स यांनी या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास केला असून, त्यांच्या मते दहा नरांमागे जेमतेम एखादाच आक्रमक निघतो. त्यातही प्रत्येकाचा रोख ठरलेला असतो: कोणी फक्त पादचाऱ्यांच्या मागे लागतो, कोणी टपाल वाटणाऱ्यांच्या, कोणी केवळ सायकलस्वारांच्या. सायकलवाल्यांवर डूख धरणारा नर घरट्यापासून सुमारे दीडशे मीटरपर्यंत पाठलाग करतो आणि हद्द संपली की निमूटपणे परत फिरतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घाबरून हँडल वळवणे किंवा मान मागे टाकून पक्षी कुठे आहे ते पाहत जोरात पॅडल मारणे. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यू साउथ वेल्समधील वुलनगाँगजवळच्या वुनोना येथे मॅगपायला चुकवण्याच्या प्रयत्नात ७६ वर्षांचे एक सायकलस्वार मार्गावरून बाहेर गेले, कुंपणाच्या खांबावर आदळले आणि डोक्याला झालेल्या दुखापतीने त्यांचे निधन झाले. साधारण तीनशे ग्रॅम वजनाच्या पक्ष्याचा टोला बसतो तो सहसा हेल्मेटवर किंवा कानावर; पडण्याने होणारी इजा मात्र तुमचा वेग आणि शेजारची रहदारी यांवर ठरते. म्हणून नजर रस्त्यावर ठेवून वेग हळूहळू कमी करावा, कडेला सुरक्षित जागा दिसताच उतरावे आणि सायकल हाताने ढकलत ती हद्द पार करावी. उतरल्याबरोबर हल्ला थांबल्याचा अनुभव अनेकांना येतो, कारण त्या नराचा राग चालत्या सायकलवर असतो. गर्दीच्या रस्त्यावर लगेच उतरणे शक्य नसेल, तर एक-दोन टोले सहन करून सरळ रेषेत पुढे जाणे हेच कमी धोक्याचे.

उतरल्यानंतरही हेल्मेट काढू नये. हेल्मेट पाहूनच पक्षी चिडतो असे सांगणारे भेटतात. पण त्यावर विसंबून डोके उघडे टाकणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. ऑस्ट्रेलियात रस्त्यावर सायकल चालवताना हेल्मेट घालणे कायद्याने बंधनकारकही आहे.

हेल्मेटवर साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या केलेल्या केबल टाय, म्हणजे वायरी एकत्र बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, हे तिथल्या वसंतातले नेहमीचे दृश्य आहे. त्यांमुळे झडप टळते असे छातीठोकपणे सांगता येत नाही. नीट बसवल्या असतील तर चोच कानापासून थोडी लांब राहते, एवढाच त्यांचा भरवसा. टाय बसवायच्याच असतील तर हवा खेळण्यासाठी असलेल्या फटींतून ओवाव्यात. हेल्मेटला भोके पाडल्यास त्याची मजबुती जाते आणि मूळ उद्देशच फसतो. टोपीच्या किंवा हेल्मेटच्या मागच्या बाजूला रंगवलेल्या डोळ्यांचा पादचाऱ्याला थोडाफार उपयोग होत असेलही, सायकलस्वारांनी मात्र त्यावर विसंबू नये. माझ्या मते या सगळ्या करामतींपेक्षा बाजूनेही झाकणारा चांगला चष्मा अधिक मोलाचा आहे, कारण मॅगपायमुळे होणाऱ्या इजांमध्ये डोळ्याची इजा सर्वांत गंभीर असते. डोळ्याला चोच लागलीच तर तो चोळू नये, दाब न देता झाकावा आणि थेट रुग्णालय गाठावे. ‘उद्या बघू’ म्हणून घरी जाऊ नये.

दगड मारणे, पाण्याची बाटली भिरकावणे, हात हवेत फिरवणे यांनी प्रश्न चिघळतो. मॅगपाय माणसांचे चेहरे ओळखतो आणि लक्षात ठेवतो. एकाच हद्दीत तो वर्षानुवर्षे राहतो, वीस-वीस वर्षे जगतोही. आज फेकलेल्या दगडाची वसुली पुढच्या सप्टेंबरात होऊ शकते. शिवाय हा संरक्षित देशी पक्षी आहे. व्हिक्टोरियात १९७५ चा वन्यजीव कायदा त्याला लागू होतो आणि इतर राज्यांतही परवानगीविना त्याला इजा करणे किंवा घरटे काढणे हा गुन्हा ठरतो. पक्षी खरोखरच अनावर झाला असेल तर स्थानिक कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, कळवावे. त्या ठिकाणी इशाऱ्याची पाटी लावली जाते, आणि क्वीन्सलँडसारख्या राज्यात प्रसंगी परवानाधारक माणसाकरवी पक्षी दुसरीकडे हलवलाही जातो. खिमा किंवा पाव घालून त्याच्याशी सलगी करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. पण खिम्यात कॅल्शियम पुरेसे नसते आणि पिलांची वाढ बिघडू शकते, तेव्हा त्या वाटेला न गेलेले बरे.

सर्वांत साधा उपाय लोक शेवटी करतात: सहा-सात आठवड्यांपुरता रस्ता बदलणे. ‘मॅगपाय अलर्ट’ या संकेतस्थळावर लोकांनी नोंदवलेली ठिकाणे नकाशावर दिसतात, व्हिक्टोरियाचे सरकारही असा नकाशा ठेवते. घरून निघण्यापूर्वी दोन मिनिटे तो पाहिला तर समांतर गल्ली सहज सापडते. सायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या मुलांना प्रत्येक वेळी रस्ता निवडता येत नाही. त्यांनी ठरलेल्या झाडापाशी उतरून चालण्याची दोन-तीन मिनिटे आधीच हिशेबात धरावीत.

झडप घालणारा प्रत्येक पक्षी मॅगपायच असतो, असे समजणे ही आणखी एक चूक. तिथले लोक ज्याला प्लोव्हर म्हणतात तो आपल्या टिटवीचा जवळचा नातलग आहे. तो झाडावर नव्हे तर उघड्या गवतात, खेळाच्या मैदानावर, दुभाजकावर किंवा एखाद्या सपाट छपरावरही अंडी घालतो. त्यामुळे झाडाकडे पाहत चाललेला माणूस नेमका घरट्याच्या दिशेनेच जातो. त्याच्या पंखांच्या सांध्यावर पिवळी नखी असते. ती विषारी असल्याची समजूत खोटी आहे. त्याची पिले अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच चालू लागतात आणि आईबाप त्यांच्यासोबत फिरतात, म्हणून काल ज्या कोपऱ्यात त्रास झाला तो आज मोकळा आणि पलीकडचा सायकलमार्ग धोक्याचा, असे होऊ शकते. अशा वेळी आवाज कुठून येतो ते ऐकावे आणि त्या जागेला दुरून वळसा घालून जावे.