गँगवॉरची मालिका बघताना वही जवळ ठेवा

जुन्या मुंबईच्या अंडरवर्ल्डवरची मालिका लावण्याआधी मी वहीत चार नोंदी करतो. तुम्हीही करा.

पहिली, १८ जानेवारी १९८२, गिरणी संप. आमचे बाबा त्या संपात होते. पडद्यावरचा पोरगा पिस्तूल उचलतो तेव्हा त्याच्या घरातला पगार कधी थांबला, हे कुणी सांगतं का बघा. दुसरी, १९९०: सोनं बाळगण्यावर बंधनं घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, सोन्याच्या तस्करीचा पाया खचू लागला.

तिसरीवर मात्र थांबा. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसं गेली. त्याआधी आरडीएक्स रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरलं होतं, आणि पुढे कस्टम्स व पोलिसांतलेही काही जण दोषी ठरले. मालिका सगळं खापर सीमेपलीकडे फोडत असेल, तर तिने शेखाडी गाळली, असं लिहून ठेवा.

चौथी, २००३: दाऊद संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीत. तो आपल्याकडे असल्याचं पाकिस्तान नाकारत आलं आहे.

फियाट टॅक्सी, रेडिओवरचं गाणं, बेलबॉटम दिसलं की जीव हळवा होतो, माझाही. नेमकं तिथेच पॉज करा आणि शोधा: खंडणी भरणारा दुकानदार कुठल्या दृश्यात आहे? त्याला नाव दिलंय का?