लोगनला शिकायला येताय? आधी ‘वॉर्ड’ समजून घ्या

अमेरिकेत युटामधल्या लोगनला मी शिकायला आले त्याच आठवड्यात शेजारच्या बाई घरी भाजलेला पाव घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आमच्या वॉर्डात तुझं स्वागत.” मला वॉर्ड माहीत होता तो नगरपालिकेचा, नाहीतर दवाखान्यातला. इथे वॉर्ड म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची स्थानिक मंडळी. तुमचा वॉर्ड बहुधा घराच्या पत्त्यावरून ठरतो, त्यामुळे शेजार आणि चर्च वेगळं काढताच येत नाही. अविवाहित तरुणांचे वॉर्ड मात्र निराळे असतात. असे काही वॉर्ड मिळून ‘स्टेक’ होतो. तंबू ताणून धरणारी मेख, तो हा शब्द.

‘मॉर्मन’ हे नाव सगळीकडे चालतं, पण 1830 साली स्थापन झालेल्या या पंथाचं नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स असं आहे आणि 2018 पासून चर्चने तेच वापरण्याचा आग्रह धरला आहे. समोरच्याशी बोलताना मी ‘तुमचं चर्च’ एवढंच म्हणते.

सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘कॉलिंग’, म्हणजे चर्चने नेमून दिलेलं काम. वॉर्डाचा बिशप पगारी धर्मगुरू नसतो. तो आठवडाभर आपली नोकरी किंवा धंदा करतो आणि उरलेल्या वेळात वॉर्ड सांभाळतो. मुलांना शिकवणं, ऑर्गन वाजवणं, हिशेब ठेवणं, प्रत्येक काम कुणाला तरी नेमून दिलेलं असतं. ते मागून घ्यायचं नसतं, बोलावणं येतं. ‘रिलीफ सोसायटी’ ही बायकांची संघटना 1842 पासूनची. कुणाकडे बाळंतपण झालं की तिथल्या बायका आठवडाभराचे डबे आपापसांत वाटून घेतात, ते पाहून मला आमच्या वाडीची आठवण आली. धर्मप्रचाराला दारावर येणारे ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारे नव्हेत, जेमतेम विशीतली मुलं असतात.

रविवारच्या मुख्य सभेला ‘सॅक्रामेंट मीटिंग’ म्हणतात. पावाचे तुकडे आणि पाणी (द्राक्षारस नाही) तबकातून फिरतं. घ्यायचं नसेल तर तबक शांतपणे पुढे द्या, कुणी काही म्हणत नाही. भाषणं सदस्यच करतात. महिन्याचा पहिला रविवार बहुधा ‘फास्ट संडे’ असतो: दोन जेवणं सोडायची, पाणीही नाही, आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. त्या दिवशी कुणीही उठून आपली श्रद्धा बोलून दाखवतं, ती ‘टेस्टिमनी’. आपल्या रूममेटला त्या दुपारी जेवायला बोलावू नका.

आता ‘टेंपल’. टेकडीवरचं 1884 चं लोगन टेंपल गावभर दिसतं, पण ते रविवारच्या सभेचं चर्च नव्हे. रविवारी ते बंदच असतं. आत जायला बिशप आणि स्टेक प्रेसिडेंट यांच्या मुलाखतींनंतर मिळणारं ‘रेकमेंड’ लागतं. टेंपलमधल्या लग्नाला ‘सीलिंग’ म्हणतात, कारण ते मरणानंतरही टिकतं अशी श्रद्धा आहे. माझ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीने मला फक्त रिसेप्शनला बोलावलं तेव्हा मी मनातून खट्टू झाले. मग कळलं, चर्चची सदस्य नसलेल्या तिच्या सख्ख्या आजीलाही आत जाता आलं नव्हतं. तेव्हा असं आमंत्रण आलं तर वाईट वाटून घेऊ नका, जरूर जा.

‘वर्ड ऑफ विझडम’ म्हणजे आहाराचे नियम: दारू, तंबाखू, कॉफी नाही आणि चहाही नाही. पहिल्यांदा शेजारच्या बाईंपुढे मी चहा ठेवला, त्यांनी हळूच नको म्हटलं, आणि मला ओशाळल्यासारखं झालं. हर्बल चहा मात्र त्यांना चालतो. आता त्या आल्या की मी आलं आणि गवती चहा उकळते, दोघींसाठी.