लिग्निनपासून म्युकॉनिक आम्ल: जिवाणूची वाट नेमकी कोठे अडवावी

पेंढा, भुसा किंवा धान्याची ताटे यांतील सेल्युलोजपासून साखर काढण्याच्या पद्धती रुळल्या आहेत. खरी चिकाटी लागते ती लिग्निनसाठी, म्हणजे वनस्पतीला कडकपणा देणाऱ्या वलययुक्त घटकांच्या गुंतागुंतीच्या पदार्थासाठी. त्यापासून म्युकॉनिक आम्ल आणि त्यातून पुढे नायलॉनच्या कच्च्या मालापर्यंत पोहोचायचे असेल, तर स्यूडोमोनास पुटिडा केटी२४४० हा मातीतला जिवाणू निवडावा, कारण तो लिग्निनमधून सुटणारी वलययुक्त आम्ले मुळातच खातो आणि त्याचा संपूर्ण जनुकक्रम २००२ पासून उपलब्ध आहे.

अखंड लिग्निन जिवाणूला पचत नाही, म्हणून चारा किंवा पेंढा प्रथम सौम्य उष्णतेवर सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मुरवावा. त्यातून कौमॅरिक आणि फेरुलिक आम्ले सुटतात. हे द्रावण गाळून सामू ७ च्या आसपास आणावा.

आता मुख्य काम. ही दोन्ही आम्ले पेशीत प्रोटोकॅटेच्युइक आम्लापर्यंत येतात आणि तेथून वलय फुटून पेशीचे अन्न होतात. आपल्याला अन्न नको, माल हवा आहे. त्यामुळे वलय फोडणारी ‘पीसीएएचजी’ जनुके काढून त्या जागी ‘एरोवाय’ हे जनुक बसवावे, म्हणजे प्रोटोकॅटेच्युइक आम्लाचे कॅटेकॉल होते. कॅटेकॉलचे म्युकॉनिक आम्ल करणारे ‘कॅटए’ जसेच्या तसे ठेवावे आणि पुढची ‘कॅटबी’ व ‘कॅटसी’ मात्र काढून टाकावीत. हे बदल प्लाझमिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) न ठेवता गुणसूत्रातच करावेत, कारण प्लाझमिड पिढ्यानुपिढ्या गळून जाते, आणि प्रत्येक बदल पीसीआरने (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून तपासण्याच्या चाचणीने) पडताळल्याशिवाय पुढचा हाती घेऊ नये.

असा जिवाणू वलयांतील कार्बन स्वतःसाठी फारसा वापरू शकत नाही, म्हणून त्याला थोडे थोडे ग्लुकोज देत राहावे. एकदम भरपूर दिल्यास तो साखरच आधी खातो आणि आम्लांकडे पाठ फिरवतो. दुसरीकडे, कौमॅरिक आम्लही फार झाले तर ते पेशींना बाधते. दोन्ही हळूहळू सोडणेच श्रेयस्कर. तापमान ३० अंश सेल्सियस ठेवावे आणि हवा मुबलक द्यावी, कारण कॅटेकॉलचे वलय फोडायला ऑक्सिजन लागतो.

लिग्निनच्या गडद द्रावणावर थेट उडी मारण्याचा मोह आवरावा. आधी शुद्ध कौमॅरिक आम्लावर चाचणी घ्यावी: त्याच्या एका रेणूतून म्युकॉनिक आम्लाचा जास्तीत जास्त एकच रेणू मिळतो, म्हणजे १.६४ ग्रॅममधून फार तर १.४२ ग्रॅम. मोजणी एचपीएलसीने (द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) करावी. उत्पादन कमी भरले आणि द्रावणात प्रोटोकॅटेच्युइक आम्ल साचलेले आढळले, तर अडथळा ‘एरोवाय’पाशी आहे, त्याच्या विकराला विशिष्ट प्रकारचा फ्लेविन सहघटक (विकराला काम करण्यासाठी लागणारा मदतनीस रेणू) लागतो, तो पुरवणारे जनुकही सोबत बसवावे.

प्रयोग संपल्यावर सर्व द्रावण १२१ अंश सेल्सियसवर ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करूनच) टाकावे. मिळालेल्या म्युकॉनिक आम्लाचे धातूच्या उत्प्रेरकावर हायड्रोजनीकरण केले, की नायलॉन ६,६ साठी लागणारे अॅडिपिक आम्ल तयार होते.