रेसिपी बरोबर, तरी पदार्थ का फसतो? नव्या कुकनी या चुका टाळा

व्हिडिओ तीनदा बघितला, सामान मोजून घेतलं, एक स्टेप पण सोडली नाही, तरी भाजी पाणचट आणि वर तळाला लागलेली. असं झालं की नवीन कुक आधी रेसिपीला शिव्या घालतो आणि मग डबे उघडून अजून कायकाय टाकत बसतो. नका टाकू. बहुतेक वेळा गडबड मसाल्यात नसतेच, ती आच आणि पाणी या दोघांत असते. पॅन किती तापलाय आणि आत पाणी किती शिल्लक आहे एवढं कळायला लागलं की निम्मे प्रॉब्लेम तिथेच संपतात. रेसिपी लिहिणाऱ्याला तुमचा गॅस माहीत नाही, तुमचं पातेलं जाड आहे की पत्र्यासारखं ते माहीत नाही, तुमचा टोमॅटो किती रसाळ तेही नाही, मग त्याने लिहिलेली "५ मिनिटं" तुमच्याकडे ५ मिनिटंच का असतील?

पॅनमध्ये गर्दी

ही चूक सगळ्यात जास्त दिसते म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाणी १०० डिग्रीला उकळतं, आणि जोवर पदार्थाच्या अंगावर पाणी आहे तोवर तिथलं टेम्परेचर त्याच्या फारसं वर जात नाही. छान ब्राऊन रंग आणि तो खमंग वास मात्र साधारण १४० डिग्रीच्या पुढे जोरात यायला लागतो. याला माइयार रिअ‍ॅक्शन म्हणतात, लुई कामिय माइयार नावाच्या फ्रेंच केमिस्टने १९१२ मध्ये ती मांडली. म्हणजे आधी पाणी जायला हवं, मग रंग. आता पॅन काठोकाठ भरला तर वाफ जाणार कुठून? ती आतच कोंडते आणि परतायला घेतलेली भाजी चक्क उकडून निघते.

मशरूमवर करून बघा, लगेच कळेल. मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. तापलेल्या पॅनमध्ये टाकल्या टाकल्या चर्रर्र आवाज येतो, मग मिनिटभरात तो बसतो आणि बुडबुड सुरू होते, तुकड्यांच्या भोवती करडं पाणी जमतं, आणि इथेच नवीन माणूस घाबरून गॅस बारीक करतो. उलटं करा, आच मोठीच ठेवा, झाकण अजिबात ठेवू नका, ढवळाढवळ पण कमी. पाणी आटत आलं की आवाज परत बदलतो, बुडबुड जाऊन बारीक तडतड चालू होते, आणि त्यानंतरच कडा लालसर व्हायला लागतात. हा दुसऱ्यांदा बदललेला आवाज कानाला कळला पाहिजे. म्हणून स्वयंपाक करताना कानात इअरफोन नको, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणीही ऐकत नाही.

माल जास्त असेल तर दोन घाण्यांत करा. वेळ जास्त लागेल असं वाटतं, पण गर्दीतलं पाणी आटवत बसण्यापेक्षा ते बऱ्याचदा लवकर होतं. चिकन, पनीर, बटाटा जे काय असेल ते पॅनमध्ये टाकायच्या आधी कापडाने टिपून कोरडं करा.

कांद्याबद्दलची थाप

"कांदा ५ मिनिटं परता, छान ब्राऊन होईल." नाही होत. ५ मिनिटांत कांदा मऊ आणि जरासा पारदर्शक होतो. खरा गडद, गोडसर कांदा हवा असेल तर बारीक ते मध्यम आचेवर ४० मिनिटं सहज जातात. घाई करून आच वाढवली की कडा जळतात, आत कच्चाच, आणि मग अख्ख्या ग्रेव्हीला कडवटपणा. मधेच तळाला चिकटायला लागला तर चमचाभर पाणी टाका आणि तळ खरवडून घ्या, त्या ब्राऊन थरातच चव असते. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर रंग लवकर येतो हे खरं आहे, पण चिमूटभरच बरं का, जास्त झाला तर कांद्याचा लगदा होतो आणि साबणासारखी चव येते.

लसणाचं तर याहून अवघड. बारीक चिरलेला लसूण गरम तेलात अर्ध्या-एक मिनिटात सोनेरी होतो आणि तुम्ही फोनकडे बघेपर्यंत काळा. जळलेल्या लसणावर काहीही उपाय नाही, साखर नाही, लिंबू नाही. ते तेल टाकून द्या आणि परत सुरू करा. कांदा आणि लसूण एकदम टाकायला सांगणारी रेसिपी दिसली तर आधी कांदा, तो होत आला की लसूण, एवढा बदल बिनधास्त करा.

सगळं चिकटतंय

स्टीलच्या पॅनला चिकटतं म्हणून लोक पॅन बदलतात. पॅन बिचारा ठीक असतो, तो नीट तापलेला नसतो. रिकामा पॅन मध्यम आचेवर ठेवा आणि पाण्याचा थेंब टाका. थेंब सुस्स करून लगेच उडून गेला तर अजून थांबा, गोळी होऊन पॅनभर पळायला लागला की मग तेल घाला आणि तेल तापलं की पदार्थ. आणि टाकल्यावर लगेच उलथनं खुपसू नका. खालून कवच धरलं की तुकडा बऱ्यापैकी आपोआप सुटतो, ओढावं लागतंय म्हणजे तो तयारच नाही.

हीच ट्रिक नॉनस्टिकवर मात्र करायची नाही. नॉनस्टिक पॅन रिकामा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच खूप तापतो आणि २६० डिग्रीच्या आसपास कोटिंग खराब व्हायला लागतं, त्यापुढे धूर पण निघतो. घरात पाळलेला पक्षी असेल तर तो धूर त्याच्या जिवावर बेतू शकतो. नॉनस्टिक अंड्यासाठी ठेवा आणि आच मध्यमच.

मीठ

खारट झालं की बटाटा टाका असं सगळे सांगतात. बटाटा वेचून मीठ शोषत नाही, तो खारट पाणी शोषतो, त्यामुळे उरलेल्या पाण्याचा खारटपणा आहे तेवढाच राहतो, फक्त रस्सा कमी होतो. खरा उपाय एकच, प्रमाण वाढवा. पाणी, बिनमिठाचं वाटण, अजून भाजी, जे चालेल ते. थोडं आंबट किंवा किंचित गोड घालून खारटपणा झाकता येतो, पण झाकता येतो इतकंच.

मुळात खारट होतं कशाने, तर एकतर रस्सा आटायच्या आधीच मीठ पूर्ण टाकलेलं असतं (पाणी उडतं, मीठ नाही उडत), किंवा मग चमचा. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा, म्हणजे ५ मिलीवाला, साधारण ६ ग्रॅम भरतो. जाड्या मिठाचा तोच चमचा बराच हलका, कारण दाण्यांमध्ये हवा. आणि परदेशी रेसिपी बघत असाल तर मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिली पण ऑस्ट्रेलियात २० मिली, अमेरिकन कप २४० च्या आसपास तर बाकी बऱ्याच ठिकाणी २५०. भाजीत हा फरक चालून जातो, केकमध्ये नाही. बेकिंग करायचं असेल तर वजनकाटा घ्या, कपाने मोजलेला मैदा दाबून भरला की हलका भरला यावर सगळं बदलतं.

चव मधेमधे घ्यायची, शेवटी एकदाच नाही. थंड खायचा पदार्थ असेल तर थंड झाल्यावर परत चाखा, गरम असताना बरोबर वाटलेलं मीठ थंड झाल्यावर कमी वाटतं. आणि भयंकर भूक लागलेली असताना चव घेऊ नका, तेव्हा सगळंच भारी लागतं.

तिखट झालं तर पाणी पिऊन काही होत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, फॅटमध्ये विरघळतं, म्हणून दूध, दही, क्रीम.

तासभर झाला, बटाटा शिजतच नाही

टोमॅटो किंवा चिंच आधी घातली का? घातलीच असणार. आंबटामुळे भाज्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, मग बटाटा असो की कडधान्य, ते कडकच राहतं. आधी मऊ शिजू द्या, मग आंबट. उंचावर राहत असाल तर अजून एक भानगड, दर ३०० मीटरला पाणी साधारण १ डिग्री कमीवर उकळतं, त्यामुळे तिथे प्रेशर कुकर पाहिजेच.

राजम्याबद्दल मात्र गंमत नाही. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं, त्याने काही तासांत जोरदार उलट्या होतात. किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नवीन पाण्यात खळखळून उकळा, १० मिनिटं तर पाहिजेतच, ३० मिनिटं उकळली तर अजून निवांत. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकायचा नाही, तिथली मंद आच विष मारायला पुरत नाही.

दही किंवा दूध फाटलं तर कारण तेच, आच आणि आंबट. दही आधी फेटा, त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळा, गॅस बारीक करा आणि मग थोडंथोडं घाला. फाटल्यावर मिक्सरमधून फिरवलं तर दिसायला बरं होतं, चव तशीच.

अंडं रोज करा

भारी भारी डिश शिकायच्या नादात रोजचं साधं जेवण दुसऱ्यावर सोडायचं आणि सुट्टीच्या दिवशी एकदम चार आयटमचा घाट घालायचा, अशाने हात बसत नाही. रोज एक अंडं करा. भुर्जीसारखं हलवून करायचं असेल तर अजून जरा ओलं दिसतंय तेव्हाच गॅस बंद, बाकीचं पॅनच्या उष्णतेवर होतं. पूर्ण झालंय असं पॅनमध्ये दिसलं म्हणजे ताटात येईपर्यंत ते रबर होणार आणि बाजूला पाणी सुटणार. उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्याभोवती हिरवट कडा आली तर ते जास्त उकडलंय (लोह आणि गंधक एकत्र येतात, खायला काही धोका नाही), पुढच्या वेळी वेळ कमी करा आणि काढल्या काढल्या गार पाण्यात टाका. वहीत लिहा: कुठला पॅन, किती आच, काय झालं. दोन ओळी पुरे.

आणि रेसिपी शेवटपर्यंत वाचून मगच गॅस पेटवा. चौथ्या स्टेपला "रात्रभर भिजवलेले" असं येतं आणि पाहुणे तासाभरात येणार असतात.

ज्या चुकांची दुरुस्ती नाही

शिजलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी कडकडीत गरम केला म्हणजे चालतो, हा गैरसमज डोक्यातून काढा. बॅसिलस सिरियस या बॅक्टेरियाचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत, बाहेर ठेवलेल्या भातात ते वाढतात, आणि त्यांनी केलेलं एक विष परत गरम करूनही जात नाही. २ तासांच्या आत फ्रिजमध्ये, हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर १ तासात. पसरट डब्यात भरा म्हणजे लवकर थंड होतो.

कच्चं चिकन नळाखाली धुवायचं नाही, शिंतोडे उडून जंतू सिंक, ओटा, शेजारची कोथिंबीर सगळीकडे जातात. शिजवल्यानेच ते मरतात, सगळ्यात जाड भाग आतून ७४ डिग्रीला पोचला पाहिजे. साधा किचन थर्मामीटर घ्या, रंगावर विश्वास ठेवू नका.

सुरी बोथट असेल तर जोर जास्त लावावा लागतो आणि ती सटकते, म्हणून धारदार सुरीच बरी. बोटांची टोकं आत वळवा, कटिंग बोर्डखाली ओलं फडकं घाला. सुरी हातातून पडली तर पकडायला जाऊ नका, मागे सरका, पडू दे.

तेलाने पेट घेतला तर पाणी कधीच नाही! पाणी तेलाच्या खाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटलेलं तेल सगळीकडे उडवतं. गॅस बंद, धातूचं झाकण बाजूने सरकवत वर ठेवा, पातेलं उचलून पळू नका, आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकण उघडून बघायचा मोह नको. आग झाकणाच्या बाहेर गेली असेल तर विझवत बसू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि फायर ब्रिगेडला फोन.

हात भाजला तर लगेच नळाचं साधं गार पाणी, सलग २० मिनिटं. अंगठी किंवा घड्याळ असेल तर सूज यायच्या आत काढा. बर्फ, टूथपेस्ट, लोणी यातलं काही लावायचं नाही, फोड आला तर फोडायचा नाही. भाजलेला भाग स्वतःच्या पंजापेक्षा मोठा असेल किंवा कातडी पांढरी पडली असेल, तर जेवण राहू दे, डॉक्टर आधी.